माशांना कोणतं औषध देऊ, हे विचारण्याआधी पाणी बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सव्वा महिन्यापूर्वी 60 लिटरचा टँक लावला. दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला एक प्लेको, सगळे एकाच दिवशी सोडले. दहा दिवसांत पाणी दुधाळ झालं, म्हणून टँक पूर्ण रिकामा करून धुतला, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढरा केला. पुढच्या काही दिवसांत अंगावर पांढरे ठिपके दिसले. आधी निळं औषध टाकलं, मग ठिपक्यांवरचं दुसरं. दोन टेट्रा गेले, उरलेले मासे वर येऊन सारखी तोंडं उघडझाप करतायत. आता तिसरं कोणतं औषध द्यावं?

आज कोणतंच नको. बाटल्या कपाटात ठेवा आणि आधी पाणी बदला. तुमचे मासे ठिपक्यांनी आजारी आहेत हे खरं, पण या घडीला जीव घेतंय ते पाणी. उपचार त्याच क्रमाने करायला हवेत.

आत्ता उठून करायचं ते असं. टँकमधलं एक तृतीयांश पाणी काढा. तेवढंच नवं पाणी बादलीत घ्या, त्यात क्लोरीन घालवणारं कंडिशनर घाला आणि हात घालून नव्हे, थर्मामीटरने तापमान जुळवून घ्या. मग ते हळूहळू ओता. एअर पंप असेल तर पूर्ण जोरात सुरू करा. नसेल तर फिल्टरच्या पाण्याची धार पृष्ठभागावर पडेल, पाणी खळबळेल अशी करा. आज आणि उद्या खायला काही देऊ नका. दोन दिवस उपाशी राहिल्याने निरोगी मोठा मासा मरत नाही, आणि घातलेला प्रत्येक दाणा या पाण्यात विषात भर घालेल. उद्या पुन्हा तेवढंच पाणी बदला. दरम्यान अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे याचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) मोजायचं थेंबांचं टेस्ट किट आणा. पट्ट्याही मिळतात, पण अनेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि तुम्हाला सगळ्यात आधी तोच आकडा हवा आहे.

आता हे का, ते सांगतो. एकदा हे समजलं की पुढचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेली पानं यातूनही तोच तयार होतो. नदीत, तळ्यात तो पसरून जातो. 60 लिटरच्या पेटीत तो जाणार कुठे? फिल्टरमध्ये, वाळूत, दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आठवड्याच्या पाणीबदलात निघून जाणारं. पण या जिवाणूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कारण ते फार सावकाश वाढतात. यालाच आपण टँक सायकल होणं म्हणतो. तुम्ही पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडले, त्यात दोन गोल्डफिश, म्हणजे भरपूर खाणारे आणि तेवढाच अमोनिया टाकणारे. जिवाणू जेमतेम बसू लागले तेवढ्यात स्पंज नळाखाली गेला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं. त्याने तुमची वस्ती धुऊन काढली आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर आला, फक्त या वेळी आधीच थकलेले मासे घेऊन.

यात तुमचा निष्काळजीपणा नव्हता. पाणी घाण दिसलं, तुम्ही स्वच्छ केलं. पण टँकमध्ये डोळ्याला दिसणारी स्वच्छता आणि माशाला लागणारी स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचेसारखं नितळ पाणीही अमोनियाने भरलेलं असू शकतं. उलट ते दुधाळ पाणी, जे बघून तुम्ही घाबरलात, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. नव्या टँकमध्ये सेंद्रिय पदार्थांवर जगणारे दुसरेच जिवाणू भराभर वाढतात, त्यांचा तो पांढुरका धूर. खाणं कमी करून, हवा वाढवून काही दिवस थांबलं की तो आपोआप विरतो. पाणी हिरवं झालं तर मात्र ते शेवाळ, तिथे उजेडाचे तास कमी करायचे. पिवळसर झालं तर बहुधा लाकडातून उतरलेला रंग, त्याचं काहीच करायचं नाही.

स्पंज धुवायचाच नाही असं नाही. पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्यायचं, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा, गाळ सुटला की परत लावायचा. तो तपकिरीच दिसणार आणि तसाच दिसू दे. फिल्टरमध्ये दोन-तीन थर असतील तर सगळे एकाच दिवशी धुवू नका.

किट आलं की आकडे कसे वाचायचे? अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट 20 ते 40 पीपीएमच्या (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) आत. पण अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका, शेजारी पीएच ठेवा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक माशाला जाळणारं, दुसरं अमोनियम, जे बरंच सुसह्य. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. तोच पीएच 8 झाला तर सुमारे पाच टक्के, म्हणजे जवळजवळ दहापट. म्हणून एकाच्या टँकमध्ये जो आकडा मासे निभावून नेतात, तोच दुसऱ्याच्या टँकमध्ये कल्ले लाल करतो. नायट्राइटचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. ते रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. रक्त आणि कल्ले तपकिरी पडतात, मासा भरपूर हवा असलेल्या पाण्यातही गुदमरतो. इथे साधं मीठ खरोखर मदत करतं, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. लिटरला एक ग्रॅमपेक्षाही कमी मीठ त्यासाठी पुरतं. अमोनियावर मात्र मिठाचा असा उपयोग नाही, तिथे पाणीबदलच.

क्लोरीनबद्दल एक बारीक गोष्ट. पाणी रात्रभर उघडं ठेवलं, त्यात हवा सोडली की क्लोरीन उडून जातं, हे बरोबर आहे. पण पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग, असेल तर ते असं उडत नाही. त्यासाठी कंडिशनर लागतंच. आपल्या पाण्यात काय घालतात हे पाणी पुरवणाऱ्यांकडे विचारून घ्या. एकदा विचारलं की कायमची काळजी मिटते.

आता ठिपके.

साखरेचे किंवा मिठाचे कण चिकटल्यासारखे, सगळे साधारण एकाच आकाराचे, परांवर आणि अंगावर विखुरलेले असतील, मासा मधूनच दगडाला अंग घासून झटकन वळत असेल, तर हा इक, व्हाइट स्पॉट. याचं कारण एक पेशीचा परजीवी, आणि त्याचं जगणं समजून घेतल्याशिवाय औषध वाया जातं. जो ठिपका तुम्हाला दिसतो, त्यात परजीवी माशाच्या कातडीच्या आवरणाखाली बसून खात असतो. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो, एकाचे शेकडो होतात. तेव्हाही औषध फारसं चालत नाही. कवच फुटून ती पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधायला निघतात, साधारण दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात. औषध मारतं ते फक्त याच टप्प्यावर.

म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गेलेले दिसतात आणि लोक औषध थांबवतात. ठिपके गेले म्हणजे परजीवी मेले नाहीत, ते तळाशी उतरले. आठवड्याने दुपटीने परत येतात आणि मग औषध भेसळीचं होतं असं वाटू लागतं. उलट चौथ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर औषध लागू पडलं नाही असंही समजू नका. जे आधीच कातडीखाली शिरलेत ते मोठे होऊन आता दिसू लागलेत. हे सगळं चक्र 25 अंशांच्या आसपास साधारण आठवडाभरात फिरतं, थंड पाण्यात फार लांबतं, 10 अंशांना महिन्याहून जास्त.

तुमच्या टँकसाठी मी असं करेन. आधी दोन-तीन दिवस पाणीबदल करून अमोनिया खाली आणेन, आधीच्या औषधांचा अंशही त्यात निघून जाईल. मग तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत 28 पर्यंत नेईन, म्हणजे परजीवीचं चक्र लवकर फिरेल आणि तो औषधाच्या तावडीत लवकर येईल. पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि या माशांचे कल्ले आधीच खराब आहेत, म्हणून हवेचा पंप पूर्ण वेळ चालू. तो नसेल तर तापमान वाढवूच नका. त्यानंतर मॅलाकाइट ग्रीन असलेलं व्हाइट स्पॉटचं एकच औषध. टेट्रा आणि प्लेकोसारखे मासे या औषधाला हळवे असतात, त्यांच्यासाठी अर्धी मात्रा आणि जास्त दिवस, हा माझा रिवाज. फिल्टरमध्ये कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) असेल तर काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. टँकचा दिवा बंद ठेवा, कारण उजेडात हे औषध लवकर निकामी होतं. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान एक आठवडा उपचार चालू ठेवा. प्रत्येक पाणीबदलात वाळूत सायफन (पाणी ओढून काढायची नळी) फिरवून तळाचा गाळ ओढा, तळाशी पडलेले कितीतरी परजीवी त्याबरोबर बाहेर जातात. हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे आणि सगळ्यात कमी केला जातो.

मात्रा काढताना टँकवर लिहिलेले लिटर धरू नका. लांबी, रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा, मग वाळू-दगडांची जागा वजा करा. तुमचा 60 लिटरचा टँक प्रत्यक्षात 50 च्या आसपासच भरेल.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. औषध म्हणून ते वाईट नाही, अंड्यांवरच्या बुरशीला, नायट्राइटच्या त्रासात ते उपयोगी पडतं, पण वेगळ्या भांड्यात. मुख्य टँकमध्ये ते फिल्टरच्या जिवाणूंना आणि झाडांना मारक ठरतं, शिवाय काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. दोन औषधं एकत्र करणं तर टाळाच. तांबं असलेलं कोणतंही औषध वापरायचं ठरलं तर लक्षात ठेवा, कोळंबी आणि गोगलगायी त्याने मरतात.

ठिपका दिसला की इक, असंही समजू नका. गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने बसलेले पांढरे बारीक दाणे दिसले, बाकी अंग स्वच्छ असेल आणि मासा उत्साहाने दुसऱ्याच्या मागे लागत असेल, तर तो प्रजननाच्या दिवसांतला नर आहे. तो आजारी नाही. अशा धडधाकट नराला दोन-दोन आठवडे औषधात बुडवून ठेवलेलं मी पाहिलंय. दुसरीकडे, कण इतके बारीक की अंगावर सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी दिसते, तीही अंधारात बाजूने टॉर्च धरला तरच, तर तो वेल्व्हेट. तो इकपेक्षा झपाट्याने मारतो. कातडीवर काही दिसण्याआधीच तो कल्ल्यांवर बसलेला असतो, म्हणून मासा पर मिटून, जोरात श्वास घेत असेल तर टॉर्च जरूर मारा. या परजीवीला उजेड लागतो, त्यामुळे औषधाबरोबर टँक झाकून अंधार केला जातो.

तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा थर दिसला की सगळे बुरशी म्हणतात. खरी बुरशी लांब धाग्यांची, मऊ, फुललेली असते, बहुधा आधीच्या जखमेवर बसते आणि सावकाश वाढते. तोंडाशी आखूड करडा-पांढरा थर, पाठीवर खोगीर टाकल्यासारखा फिका पट्टा आणि एक-दोन दिवसांत मासे पटापट जाऊ लागले, तर तो कॉलम्नॅरिस, म्हणजे जिवाणू. हा फरक जीव वाचवणारा आहे, कारण कॉलम्नॅरिस उष्ण पाण्यात भडकतो. इक समजून तापमान वाढवलं तर तुम्ही आगीत तेल ओताल. अशा वेळी तापमान सोसवेल तेवढं खाली आणा आणि जलचरांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. प्रतिजैविकं अंदाजाने टाकू नका. अर्धवट मात्रेने जिवाणू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात, आणि फिल्टर मात्र मरू शकतो.

पर कुजणं, म्हणजे कडा फाटून पांढुरक्या किंवा लाल होणं, हे बहुतेक वेळा पाण्याचंच दुखणं. एक तर पाणी खराब, नाहीतर दुसरा मासा चावतोय. रोज थोडं पाणी बदलून दोन आठवडे थांबा. कडेला पारदर्शक, काचेसारखी नवी किनार फुटताना दिसली की पर परत येतोय. औषधाची गरज बहुधा पडतच नाही, कुजणं अंगापर्यंत पोचलं तरच.

ड्रॉप्सीबद्दल मी खोटी आशा देणार नाही. पोट फुगलं, खवले अननसासारखे उभे राहिले, तर आतली मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू शकत नाहीयेत. ड्रॉप्सी हे लक्षण आहे, एक आजार नव्हे, आणि एवढं दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वेगळ्या भांड्यात एप्सम सॉल्ट दिल्याने सूज उतरते, काही मासे निभावतातही. पण मासा तीन-चार दिवस खात नसेल, आडवा पडून असेल, तर त्याला लवंगेच्या तेलाने शांतपणे झोपवणं हा उपचारच समजा. टँकच्या थोड्या पाण्यात ते तेल बाटलीत आधी नीट घुसळून मगच ओततात, आणि कल्ले थांबल्यावरही बराच वेळ मासा त्यातच ठेवतात. शौचालयात जिवंत मासा सोडू नका.

गोल्डफिश तिरका पोहतो, उलटा तरंगतो, ही तक्रार तुमच्याकडेही केव्हातरी येईल. गोल पोटाच्या जातींत शरीर इतकं आखूड केलेलं असतं की आतले अवयव दाटीवाटीने बसतात, आणि जरा अपचन झालं की तोल जातो. दोन-तीन दिवस उपास, मग साल काढलेला उकडलेला वाटाणा, आणि पुढे तरंगणाऱ्या खाण्याऐवजी बुडणारं खाणं, एवढ्याने बरेच मासे सरळ होतात. पृष्ठभागावरून खाताना ते हवाही गिळतात. इथेही आधी अमोनिया मोजाच.

एक प्रसंग सांगतो, तो मला कधी विसरता येणार नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी अडीच वर्षांचा टँक होता. मासे धडधाकट, पाणी थोडं पिवळट. ते लोक पाणी कधी बदलत नसत, उडून गेलेलं फक्त भरत. मला फोनवर विचारलं, मी म्हटलं, अर्धं पाणी बदलून टाका. संध्याकाळपर्यंत सात मासे गेले. मी जाऊन जुनं पाणी तपासलं, त्यांनी बादलीत ठेवलं होतं ते. पीएच 6 च्या खाली, अमोनिया किटच्या शेवटच्या रंगावर. वर्षानुवर्षं पाणी न बदलल्याने त्यातली कार्बोनेट कठीणता (पीएच सावरून धरणारे क्षार) संपली होती, पीएच घसरला होता, इतक्या आम्ल पाण्यात फिल्टरचे जिवाणू जवळजवळ थांबले होते. अमोनिया साचत होता, पण पीएच कमी म्हणून सुसह्य रूपात पडून होता. मासे त्यात हळूहळू सरावले होते. मी सांगितलेलं नवं पाणी पीएच 8 चं. ते पडताच साचलेला अमोनिया विषारी रूपात आला. सल्ला माझा होता आणि मी एकही आकडा विचारला नव्हता. तेव्हापासून मी जुन्या, दुर्लक्षित टँकला दिवसाआड दहा टक्क्यांहून जास्त पाणी बदलायला सांगत नाही, आणि पीएच कळल्याशिवाय तर तेही नाही.

तुमचा टँक नवा आहे, आणि तुम्ही तो पुरता रिकामा करून नळाच्या पाण्याने भरल्याला फार दिवस झालेले नाहीत. टँकचा आणि नळाचा पीएच अजून जवळपास सारखा असणार, म्हणून तुम्हाला एक तृतीयांश चालतं.

आता जरा अप्रिय. हे उरलेले सात मासे या टँकमध्ये एकत्र राहू शकत नाहीत, अगदी सगळे बरे झाले तरी. साधा गोल्डफिश नीट वाढला तर 20 सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. त्याला 18 ते 22 अंशांचं गार पाणी मानवतं. निऑनला 23 ते 26. दोघांना एकत्र ठेवलं की एकजण कायम ओढलेला राहतो, आणि मोठा झालेला गोल्डफिश तोंडात मावेल तो टेट्रा गिळतो. नेहमी मिळणारा प्लेको 30 सेंटिमीटर ओलांडतो, काच साफ करण्यापेक्षा जास्त घाण करतो आणि रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडायला लागतो. माझं मत विचाराल तर गोल्डफिश आणि प्लेको मोठ्या टँकवाल्याकडे द्या, निऑन ठेवा आणि पाणी सहा-आठ आठवडे स्थिर राहिल्यावर त्यांची संख्या आठ-दहापर्यंत न्या. झुंडीत राहणारा मासा चारच उरला की घाबरून कोपऱ्यात बसतो, आणि घाबरलेल्या माशाला आजार लवकर गाठतो. मात्र आत्ता, इक असताना, कुणाचाही मासा कुणाकडे नेऊ नका.

पुढे नवीन मासा आणाल तेव्हा चार आठवडे वेगळा ठेवा. त्याला थाटमाट लागत नाही. 20 लिटरचं भांडं, मुख्य टँकच्या फिल्टरमध्ये आधीपासून ठेवलेला एक जास्तीचा स्पंज, हीटर, लपायला एक नळीचा तुकडा. जाळी आणि बादली वेगळी. इक, वेल्व्हेट, पोटातले कृमी, शेपटीखाली लोंबणारे लाल धाग्यांसारखे जंत, हे सगळं बहुधा नव्या माशाबरोबर किंवा त्याच्या पिशवीतल्या पाण्याबरोबर घरात येतं. म्हणून पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतू नका. आणि मासा फार लांबून, कितीतरी तास पिशवीत बंद राहून आला असेल तर थेंब-थेंब पाणी मिसळत तासभर बसू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि आतला अमोनिया जाळू लागतो. तापमान जुळवा, मासा जाळीने उचला, पाण्यात सोडा.

खाण्याचं माप सोपं ठेवा: एक-दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आठवड्यातून एक दिवस उपास. मासा काचेपाशी येऊन मागतो म्हणून तो भुकेला आहे असं नसतं, त्याला तुमची सावली ओळखीची झालेली असते. घरात एकानेच खाणं घालायचं ठरवा. दुधाळ पाण्याच्या निम्म्या तक्रारींमागे तीन जणांनी प्रेमाने तीनदा घातलेलं खाणं असतं.

वीज गेली तर फिल्टरची काळजी आधी. काही तास बंद राहिलेला बंदिस्त फिल्टर आतून सडू लागतो, तसाच सुरू केला की सगळी घाण टँकमध्ये ओकतो. आधी उघडून टँकच्या पाण्यात खंगाळा, मग लावा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरी असू द्या. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा, कोरडा तापला की काच तडकते. हाताला जखम असेल तर हातमोजा घाला, आणि सायफन तोंडाने ओढू नका. माशांमधला क्षयासारखा एक जिवाणू माणसाच्या कातडीत जखमेतून शिरून महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी करतो. अशी गाठ आली तर डॉक्टरांना टँकबद्दल जरूर सांगा, नाहीतर निदान चुकतं.

आणि रोज पाच मिनिटं नुसतं बघा, दिवा लावायच्या आधी. सगळे मासे मोजा. कल्ले किती भराभर हलतायत ते घड्याळ लावून पाहा, आपल्या माशाचा नेहमीचा वेग तुम्हाला माहीत असला तर बिघाड ठिपक्यांच्या कितीतरी आधी कळतो. सगळेच मासे एकदम वर आले असतील तर दोष पाण्याचा किंवा हवेचा. एकच आला असेल तर त्या माशाचा. फायटर आणि गुरामी मात्र मधूनमधून वर येऊन हवा घेणारच, त्यांची ती जन्माची सवय.

किट आलं की चार आकडे, तापमान आणि तुमच्या नळाच्या पाण्याचा पीएच मला लिहून पाठवा. त्यासोबत उरलेल्या निऑनपैकी एकाचा बाजूने, फ्लॅश न लावता काढलेला फोटो. ठिपक्यांबरोबर त्याच्या लाल पट्ट्यात फिकट डाग पडलेले दिसले तर तो निऑनचा वेगळा, न बरा होणारा आजार असू शकतो. तसं असेल तर त्या माशाला आजच वेगळं करावं लागेल. तोपर्यंत रोज एक तृतीयांश पाणी आणि चालू एअर पंप.